सांगलीत घर घ्यावं की मिरजेत?

बदली होऊन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात हे विचारतो, आणि ज्याला विचारलं तो आपल्या गावाची बाजू घेऊन मोकळा होतो. कागदावर दोन्ही गावं एकच आहेत. १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड अशी एक महापालिका आहे, आणि मध्ये अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटरचं. तरी राहायला गेलं की फरक कळतो.

सांगली पेठेचं गाव. मार्केट यार्डात हळदीचे, गुळाचे, बेदाण्याचे सौदे निघतात. अडते, हमाल, तोलार, ट्रकवाले या सगळ्यांचं पोट त्यावर. हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी हळद शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत साठवत. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. व्यापारात शिरायचं असेल तर सांगलीच बघा. नाटकाचं वेड असेल तरीही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच नाटक उभं केलं, आणि त्याचा अभिमान सांगलीकर अजून रोज काढून दाखवतो.

मिरज दवाखान्यांचं आणि रेल्वेचं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं, तेव्हापासून पेशंटची रीघ आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी दिशांच्या गाड्या जंक्शनवर येतात, आणि सकाळच्या गाडीतून एक्स-रेची पिशवी काखेत धरलेली माणसं उतरतात. त्यातली कितीतरी कर्नाटकातली, त्यामुळे औषधाच्या दुकानात कानडी सर्रास चालते. लॉज, खाणावळी, रिक्षा, सगळं या पेशंटांच्या नातेवाइकांवर. नर्स, टेक्निशियन किंवा रेल्वेतली नोकरी असेल तर सांगलीहून रोज हेलपाटे मारण्यात अर्थ नाही.

मिरजेचं आणखी एक अंग म्हणजे तंतुवाद्यं. सतारमेकर गल्लीत पंढरपूर भागातल्या भोपळ्यांचे तंबोरे घडतात. दुपारी त्या गल्लीतून जाताना कुणीतरी जवारी काढत, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जुळवत, बसलेला असतो, एकच तार पुन्हा पुन्हा छेडत. त्याला कंटाळा कसा येत नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ इथे येऊन इथलेच झाले. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तेही तिकिटाशिवाय.

आता खरी गोष्ट, पाणी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा गावात शिरलं. सांगलीचा गावभाग आणि नदीकडचे उपनगरी पट्टे यात बुडतात. मिरजेतही कृष्णाघाटाकडे पाणी येतं, पण मूळ गाव नदीपासून लांब आहे. म्हणून सांगलीत घर बघताना एजंटला विचारू नका, शेजारच्या म्हातारीला विचारा: ‘मावशी, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ ती भिंतीवर हात ठेवून दाखवते.

दोघांपैकी एकाला यार्डात आणि एकाला दवाखान्यात जायचं असेल तर मधल्या विश्रामबागेत भाड्याने राहा. शाळा-कॉलेजं तिथेच, दोन्हीकडे जायला बस आणि वडाप, म्हणजे शेअर गाड्या. भाडं मात्र जरा चढं.

एकट्याच्या नोकरीला मी मिरज सांगेन. धूळ आणि गर्दी सांगलीपेक्षा जास्त आहे खरी, पण रात्री दोनला गाडीतून उतरलात तरी बाहेर चहा मिळतो.