द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपसाठी व्हॉट्सॲप कम्युनिटी : तीन हंगाम वापरल्यावर

तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष ग्रुपची मी ॲडमिन आहे. ग्रुप काढला तेव्हा २५६ जणांची मर्यादा होती. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि वर्षाअखेर १०२४ झाली, तशी आमची माणसंही वाढली. बागायतदार, सल्लागार, कृषी सेवा केंद्रवाले, नर्सरीवाले, एक्स्पोर्टरकडची दोन-चार माणसं, सगळे एकाच पंगतीत. आणि जिथं शेतकरी जमतो तिथं विकणारा येणारच. त्याला यायला माझी हरकत नाही, औषधं आम्हाला लागतातच. पण त्यानं कुठं बसायचं आणि कसं बोलायचं, हे ठरलेलं नसलं की काय होतं ते मी माझ्याच बागेत पाहिलंय.

सुपर सोनाका या जातीचा एक एकर त्या वर्षी एक्स्पोर्टला द्यायचा ठरला होता. ऑक्टोबर छाटणीचा ३८वा दिवस, फुलोरा जवळ आलेला, रात्री पाऊस झाला. सकाळी पानांवर तेलकट पिवळे डाग. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे केवडा रोग. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, छाटणीची तारीख लिहिली, आधी कोणती फवारणी झाली तेही लिहिलं. अकरा मिनिटांत चार पोस्टर आले. एकावर घडांचं चित्र, एकावर हात जोडलेला शेतकरी, सगळ्यांवर मोबाइल नंबर. माझा प्रश्न वर निघून गेला. दोन जाणकारांनी नीट उत्तर दिलं होतं, ते मला संध्याकाळी सापडलं. तोवर एकाचा फोन येऊन गेला होता. "ताई, शंभर टक्के जैविक आहे, डोळे झाकून मारा." मी मारलं. बाटलीवर घटकाचं नावच नव्हतं, हे मी नंतर पाहिलं.

काढणीआधी नमुना लॅबला गेला. रिपोर्टमध्ये औषधाचा असा एक अंश निघाला जो आमच्या फवारणीच्या वहीत कुठंच नव्हता. एक्स्पोर्टरच्या माणसानं रिपोर्ट घडी करून परत दिला आणि प्लॉट सोडला. सगळा माल बेदाण्याला टाकला, चार किलो द्राक्षांना एक किलो बेदाणा. रॅकवर घड पसरताना सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात नेहमीसारखा चालत नव्हता.

ज्यांना २०१० आठवतंय त्यांना यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. शेंडा थांबवून काडीत घड चांगले बसावेत म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं औषध, मारायची पद्धत होती. त्या क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. म्हणून द्राक्षाच्या ग्रुपवर "हे मारा" म्हणणं ही साधी जाहिरात होत नाही. त्या एका वाक्यावर कुणाची तरी वर्षाची कमाई असते.

कम्युनिटीची सोय २०२२ च्या नोव्हेंबरात आली. पुढच्या हंगामाआधी आम्ही ग्रुप तिच्यात नेला. एका छताखाली वेगवेगळे ग्रुप करता येतात, हा तिचा सगळ्यात मोठा उपयोग. आमचे चार आहेत : छाटणी-फवारणी, माती-पाणी, बेदाणा आणि बाजार. वर घोषणांचा ग्रुप असतो, तिथं फक्त ॲडमिन लिहू शकतात. तिथं आम्ही पावसाचा इशारा आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा आठवड्याचा सल्ला टाकतो, बाकी काही नाही. रात्री साडेदहाला तिथं मेसेज वाजला तर तो उघडायचाच, ही सवय लोकांना लागली.

बाजार ग्रुप हे खरं औषध ठरलं. जाहिरातीला हक्काची जागा मिळाली, त्यामुळे चर्चेतून ती काढताना मला अवघड वाटत नाही. तिथं आठवड्यातून एक पोस्ट. पण त्या पोस्टमध्ये विकणाऱ्याचं नाव आणि दुकान, परवाना क्रमांक, घटकाचं नाव, द्राक्षावर लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची मंजुरी, आहे की नाही आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, एवढं हवंच. घटक लिहिला नसेल तर पोस्ट उडवली जाते. पहिल्या महिन्यात पोस्ट टाकणाऱ्या निम्म्या जणांना घटकच लिहिता येईना, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

चर्चेच्या ग्रुपवर विकणाऱ्यानंही उत्तर द्यावं, मला तर ते हवंच असतं. दुकानदार दिवसाला शंभर बागांची गाऱ्हाणी ऐकतो, त्याच्याइतकी साथीची खबर कुणाला नसते. फक्त स्वतः काय विकतो ते आधी सांगायचं, ब्रँड न लिहिता घटक लिहायचा आणि नंबर टाकायचा नाही. आमच्यात एक तरुण केंद्रचालक आहे. गेल्या हंगामात कुणीतरी डाऊनीचा फोटो टाकला तेव्हा त्यानं लिहिलं : "माझं दुकान आहे, म्हणून आधीच सांगतो. डायमेथोमॉर्फ आणि मॅन्कोझेब बघा, जवळ मिळेल तिथून घ्या. पण आधी कॅनॉपी मोकळी करा दादा, पान पानाला चिकटलंय, औषध आत जाणार नाही." फोटो नीट पाहिल्याशिवाय हे शेवटचं वाक्य सुचत नाही. दुसऱ्या दिवशी विचारणारे दादा अठरा किलोमीटरवरून त्याच्याच दुकानात गेले. त्यानं बोलावलं नव्हतं.

सल्लागारांचं थोडं वेगळं असतं. "आमच्या मार्गदर्शनाखालील प्लॉट" म्हणून लोंबणाऱ्या घडांचे फोटो येतात. सुरुवातीला मी ते सरसकट काढायचे, ते चुकलं. चांगला प्लॉट बघायला मिळणं हेही शिकणंच आहे. आता द्राक्षाची जात, छाटणीची तारीख, जमीन, कलमाचा खुंट डॉगरिज आहे की वेल स्वमुळावर आहे, आणि एकरी किती घड ठेवलेत, एवढं लिहिलं की फोटो राहतो. हे लिहिलं की खाली प्रश्न सुरू होतात आणि त्या सल्लागाराचं ज्ञान कळतं. नुसता फोटो आणि नंबर असेल तर तो बाजारात जातो.

आता उणिवा. सेटिंगमधून ठरावीक शब्द किंवा नंबर असलेली पोस्ट आपोआप अडवता येत नाही, सगळं डोळ्यांनी बघावं लागतं. छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत आम्ही तिघं ॲडमिन वेळा वाटून घेतो. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, त्यामुळे नियम दर १ तारखेला पुन्हा पिन करते. ॲडमिननं मेसेज उडवला की तो कुणी उडवला ते सगळ्यांना दिसतं. गावात नातीगोती असतात, माणूस दुखावतो. म्हणून मी आधी फोन करते. "भाऊजी, तुमची पोस्ट बाजारात टाका की, तिथं जास्त लोक बघतील." बहुतेक वेळा तेच स्वतः काढतात.

नंबरांचं दुखणं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. कम्युनिटीतल्या बाकीच्यांना तुमचा नंबर दिसत नाही, पण ज्या ग्रुपमध्ये तुम्ही आहात तिथल्या सगळ्यांना दिसतो. म्हणजे ग्रुपवर शिस्त पाळायची आणि मागून खासगी मेसेज करायचा, ही वाट उघडीच आहे. खासकरून नवी, घाबरलेली माणसं गाठली जातात. यावर आमचा पक्का नियम आहे : प्रश्न विचारणाऱ्यानं स्वतःहून बोलावल्याशिवाय विकणाऱ्यानं त्याला खासगीत मेसेज करायचा नाही. केला आणि तक्रार आली तर समज नाही, थेट बाहेर. हा नियम मी एकटीनं केला नाही, ग्रुपवर पोल घेतला होता. बाजूनं मत देणाऱ्यांत दुकानदारही होते, कारण असल्या मेसेजनी त्यांचंही नाव खराब होतं.

फॉरवर्डच्या दुहेरी बाणाचा मला फार आधार वाटतो. "माझ्या बागेचा अनुभव" म्हणून आलेल्या मजकुरावर तो बाण दिसला की मी एवढंच विचारते, "दादा, बाग कुणाची?"

आमच्यातल्या काहींनी टेलिग्राम सुचवलं होतं. तिथं दोन मेसेजमध्ये वेळेचं अंतर ठेवता येतं, विषयांचे कप्पेही आहेत. पण साठीच्या पुढचे आमचे बागायतदार व्हॉट्सॲपवरच आहेत आणि डाऊनीचं पान आधी त्यांनाच ओळखू येतं, त्यामुळे ते सोडून जाण्यात अर्थ नव्हता.

५ पैकी ४ गुण देते. एक गुण नंबरांसाठी कापला. आपल्या पिकाचा ग्रुप कम्युनिटीत न्यायचा असेल तर बाजार ग्रुप पहिल्याच दिवशी काढा, नियम मराठीत आणि छोटे लिहा, आणि द्राक्षवाल्यांनी हे सगळं सप्टेंबरातच उरकून घ्या. छाटणीची कात्री हातात आली की मोबाइल बघायला दुपारच्या जेवणाशिवाय वेळ मिळत नाही.