शहाद्याचं डिझेल वर्कशॉप: आधी पंखा बघतात, मग इंजिन

नर्मदेच्या बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागच्या साठ्यात, डिझेल बोट चालवणारा कोणीही विचारतो, इंजिनाचं काम कुठे करून घ्यायचं? मी शहाद्याचं हे वर्कशॉप सांगतो. प्रकाशा रस्त्यालगत आहे. बाहेरून ट्रॅक्टरच्या गॅरेजसारखं दिसतं आणि निम्म्याहून जास्त काम ट्रॅक्टरचं, पंपसेटचंच असतं. पण आतल्या मिस्तरींनी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, उमेदीची बरीच वर्षं वेरावळला मच्छीमारांच्या ट्रॉलरवर काढली आहेत. आपल्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात बोटीचं इंजिन आणि बोटीचा पंखा (पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणारा प्रोपेलर) दोन्ही एकत्र धरून विचार करणारा मिस्तरी मला दुसरा भेटला नाही.

आमची बोट तीन सिलिंडर डिझेल, २००० आरपीएमची (मिनिटाला इतके फेरे), पुढे २:१ गिअर बॉक्स, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. भूषा गावाकडून काठावरच्या पाड्यांना माणसं, रेशन, सिमेंट, पत्रे असं सगळं नेतो. माल भरला की इंजिन १७५० च्या वर जाईना. मागून काळा धूर, डिझेल जास्त, इंजिनातलं पाणीही तापायला लागलं. आधी ज्या गॅरेजला दाखवलं तिथे पाच मिनिटांत निकाल लागला: हाफ इंजिन काम (इंजिन अर्धं उघडून दुरुस्ती), रिंगा, डिझेलचा पंप, डिझेल फवारणारी नोझल सगळं. तो आकडा ऐकून आमच्या भावाने बोट विकायचीच भाषा सुरू केली होती.

आप्पांनी इंजिनाला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. रिकाम्या बोटीला किती आरपीएम लागतात? न्यूट्रलमध्ये किती? आणि धूर सुरू व्हायच्या आधी बोटीत काय बदललं होतं? न्यूट्रलमध्ये इंजिन आरामात पूर्ण फिरत होतं, धूर नव्हता. आणि पंखा बदलला होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणात बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात, त्यातल्या एकाने आमच्या जुन्या पंख्याचं पातं तोडलं होतं. दुकानदाराने "तुमचा २० इंचीच आहे" म्हणून दुसरा जुना पंखा दिला होता.

आप्पा म्हणाले, "इंजिनना दोष नही, भाऊ. वझं जास्ती शे. पहिले पंखा दखाडा."

पंख्याला दोन मापं असतात: व्यास आणि पिच. व्यास कोणीही टेपने मोजतो. पिच म्हणजे पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकला असता ते अंतर. पिच जास्त असेल तर इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात जास्त पाणी ढकलावं लागतं. ते आपल्या पूर्ण आरपीएमपर्यंत पोचत नाही, इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर मात्र डिझेल ओततच राहतो. तेवढं डिझेल जाळायला हवा पुरत नाही, म्हणून काळा धूर. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटावी तसंच हे. असं रोज चालवलं की शेवटी रिंगा आणि व्हॉल्व्ह खरोखरच जातात, आणि मग हाफ इंजिन सांगणाराही बरोबर ठरतो.

पिच त्यांनी माझ्यासमोर मोजली. पंखा सपाट टेबलावर पालथा ठेवला. २० इंची पंख्याची त्रिज्या १०, तिच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे मध्यापासून ७ इंचांवर पात्याला खडूने रेघ मारली. त्या ठिकाणी वर्तुळाचा घेर ४४ इंच. पात्याची आडवी रुंदी साडेपाच इंच निघाली, दोन कडांच्या उंचीत २ इंचांचा फरक. ४४ गुणिले २, भागिले साडेपाच: पिच १६. आमच्या तुटलेल्या पंख्याच्या मधल्या भागावर २० x १४ कोरलेलं होतं. दोन इंचांचा फरक तिथेच सापडला. शिवाय तीन पात्यांच्या पिचमध्ये एकमेकांत अर्ध्या इंचाचा फरक होता, म्हणून बोट मागून थरथरायची. हे गणित मी आमच्या घाटावरच्या सगळ्या बोटवाल्यांना शिकवलं आहे. टेबल, गुण्या आणि टेप असली की पुरे.

पातं गरम करून, साच्यावर ठोकून १४ ला आणलं, मग बॅलन्स केलं. दोन इंच म्हणजे जुन्या पंख्यात ओढता येण्याची जवळजवळ हद्द आहे, त्याहून जास्त असेल तर नवाच घ्या असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. आता भरलेली बोट १९०० च्या पुढे जाते, रिकामी पूर्ण २००० लागते. धूर गेला. पाण्याचा काटा जागेवर आला. पैसे पहिल्या गॅरेजने सांगितलेल्या रकमेच्या आसपासही नव्हते.

पंख्यावर काम आटोपलं म्हणून इंजिन तसंच सोडलं नाही, हे मला विशेष आवडलं. नोझल टेस्टरवर लावून फवारा दाखवला. दोन बारीक धुक्यासारखे उडत होते, तिसरं थेंब गाळत होतं, तेवढंच बदललं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले. आणि कोणता सिलिंडर कमी काम करतोय ते कसं शोधायचं हे भावाला करायला लावलं: इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. चांगला सिलिंडर बंद पडला की आवाज खाली बसतो. नट सैल करूनही आवाज बदलला नाही, तर दोषी तोच. हे करताना हाताचं बोट किंवा तळहात नटाजवळ न्यायचा नाही, नटावर फडकं टाकून ठेवायचं. नोझलला २०० बारच्या आसपास दाब लागतो, ती धार कातडीत घुसते आणि जखम वरून टाचणीएवढीच दिसते. असं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. आप्पा हे दर वेळी, दर माणसाला सांगतात. कामाच्या घाईतही सांगतात. मला त्यांचा आदर वाटतो तो यासाठी.

फोनवरची मदत वेगळी. आमच्याकडे टेकडीवर ठरावीक जागीच नेटवर्क येतं. पावसाळ्यात एकदा इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडायचं. आप्पांनी आधी धुराचा रंग विचारला. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. थंडीत सकाळी पहिली दोन मिनिटं पांढरा आला तर घाबरायचं नाही. आमचा धूर मधूनच येत होता, मग काहीच नाही. म्हणजे लाइनने हवा घेतली. फिल्टरच्या वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की घट्ट करा, मग पंपावरचा स्क्रू. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या वाटीत अर्धी वाटी पाणी निघालं. टाकी रात्री रिकामी ठेवली की आतली दमट हवा थंड होऊन पाणी धरते, तेव्हा संध्याकाळीच टाकी भरून ठेवायची, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो. या सल्ल्याचे त्यांनी एक रुपयाही घेतले नाहीत.

शाफ्टचं (इंजिनाकडून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचं) अलाइनमेंट, म्हणजे तो सरळ रेषेत बसवणं, मात्र ते वर्कशॉपमध्ये करून देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बोट पाण्यात तरंगते तेव्हा तिचा सांगाडा थोडा वेगळा बसतो, म्हणून शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांतली फट बोट पाण्यात असतानाच फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) चार बाजूंनी बघायची. आमचं कपलिंग चार इंची, तर फरक चार थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हवा. त्यांचा पोरगा घाट चढून आमच्या काठावर आला, इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे सरकवून बसवून गेला. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडची दोरीही त्याने बदलली. लोक ग्लँड इतकी आवळतात की शाफ्ट तापून झिजतो. चालत्या बोटीत मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत, त्यानेच ती थंड राहते. आणखी एक, पंखा-शाफ्ट गंजू नये म्हणून बोटीला लावलेली, स्वतः झिजणारी झिंकची वडी जशीच्या तशी होती. आम्हाला वाटायचं चांगलीच आहे. झिंक खाऱ्या पाण्यात काम करतं, गोड्या पाण्यात त्याच्यावर थर बसतो आणि ते निकामी होतं. नर्मदेला मॅग्नेशियमची वडी लागते. ती त्यांनी सुरतेहून मागवून दिली.

कमी काय आहे तेही सांगतो. पेरणीच्या आणि उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्यांची रांग असते, तेव्हा बोटवाला मागे पडतो. आमच्याकडे एक बोट बंद म्हणजे पलीकडच्या पाड्यांवर आजारी माणूस काठावरच थांबतो. हे मी आप्पांना स्पष्ट बोललो आहे, त्यांनी बोटीसाठी वेगळा वेळ ठेवायलाच हवा. शाफ्टचं रबर बुश त्यांच्याकडे तयार नसतं, मागवायला वेळ जातो, म्हणून एक जास्तीचं घेऊन ठेवा. पक्कं बिल मागावं लागतं. उलट जुने सुटे भाग न मागता पिशवीत बांधून परत देतात.

जाणार असाल तर फक्त पंखा घेऊन जाऊ नका. सोबत पंखा शाफ्टवर पक्का धरणारी चावी, नट आणि शाफ्टच्या निमुळत्या टोकाचं माप न्या. गिअर बॉक्सच्या पाटीचा फोटो काढा, त्यावर रेशो असतो. आणि भरलेल्या बोटीचे, रिकाम्या बोटीचे पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम कागदावर लिहून न्या. ते नसतील तर आप्पा पंख्याला हात लावत नाहीत, तुम्हाला परत पाठवतात, आणि घाट पुन्हा चढावा लागतो.