‘पासिंगची झंझट नाही’ म्हणून गळ्यात मारलेली स्कूटर

लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. नाशिकमध्ये आमच्या भागातल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानाच्या काचेवर हे तीन ‘नको’ लाल अक्षरांत चिकटवलेले होते. अशी दुकानं आता तालुक्याच्या गावीही आहेत आणि दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप तिथे रांग लावतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कायद्याचं, कारण दुकानदार त्यातला निम्माच भाग सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीवरची दुचाकी काही अटींत बसली तर ती ‘मोटार वाहन’ धरलीच जात नाही. मोटरची ताकद 250 वॅटच्या आत हवी, आणि ती क्षणभराची नव्हे, अर्धा तास सलग चालवून मोजलेली. वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत. शिवाय ते मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मंजूर केलेलं हवं. एवढं सगळं जुळलं तर नंबरप्लेटही लागत नाही आणि लायसन्सही. म्हणजे काचेवरचं खरंच होतं. आत उभी असलेली गाडी मात्र त्यात बसणारी नव्हती.

माझी मुलगी सतरा वर्षांची. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास, आणि रिक्षाचा खर्च महिन्याकाठी टोचायला लागलेला. पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे दोन रुपये जातात, हिला विजेचे तीस-पस्तीस पैसे, हा दुकानदाराचा हिशेब मी घरी येऊन मांडून पाहिला आणि तो बरोबर निघाला. चांगला विक्रेता पहिली गोष्ट खरीच सांगतो.

“ताई, लिथियम बॅटरी आहे, तीन वर्षं वॉरंटी. एका चार्जला शंभर किलोमीटर. आणि सबसिडी धरूनच रेट सांगितलाय तुम्हाला.”

“पण पळते चांगली पंचेचाळीसने. मग लायसन्स कसं लागत नाही?”

“पेपर आहेत ना ताई! सरकारची परवानगी नसती तर एवढं दुकान टाकून बसलो असतो का?” असं म्हणून त्याने लॅमिनेशन केलेला एक दाखला समोर ठेवला. इंग्रजी मजकूर, शिक्का, सही. 78 हजार रुपये भरले आणि गाडी घरी आली.

काही महिन्यांनी भाजी घेऊन परत येताना आरटीओच्या वायुवेग पथकाने मला थांबवलं. मुलगी मागे बसली होती. निरीक्षक शांत माणूस होते. त्यांनी मोबाइल जीपीएसवर वेग मोजला, सीटखालचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी, उघडायला लावला आणि एक तोडलेली वायर बोटाने दाखवली. तिला गॅरेजच्या भाषेत ‘लॉकची वायर’ म्हणतात. कारखान्यातून निघताना गाडी 25 वर अडवलेली असते. ही वायर काढली की अडसर गेला. कंट्रोलरच्या लेबलवर 60 व्होल्ट आणि 25 अँपिअर छापलेलं होतं. गुणाकार केला तर दीड हजार वॅट. हा क्षणिक जोर असतो हे मान्य, पण 250 वॅटच्या मोटरला एवढा कंट्रोलर कोण कशाला लावेल?

मी दाखल्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून वाचला. दाखला खरा होता, पण 48 व्होल्टच्या दुसऱ्याच मॉडेलचा.

“मॅडम, लॉक काढलं त्या दिवसापासून ही मोटार वाहन झाली. नोंदणी नाही, विमा नाही. आणि आज तुम्ही चालवताय म्हणून बरं. मुलगी चालवत असती तर?”

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः वाचून खात्री केली. मोटार वाहन कायद्यातलं 2019 सालच्या दुरुस्तीने आलेलं कलम 199-अ सांगतं की, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. विमाच नाही, म्हणजे कुणाला धडक बसली तर भरपाई थेट आपल्या खिशातून. बॅटरीतल्या फसवणुकीचा (तिच्याकडे येतेच) मला राग आहे, पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा आहे. त्या माणसाने सतरा वर्षांच्या पोरीला बेकायदा गाडीवर बसवलं आणि वर तिला हेल्मेटच्या ऐवजी कीचेन दिली.

2022 साली राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती. दुकानदारांना हे ठाऊक नसतं असं मला कुणी सांगू नये.

दंड भरला, गाडी काही दिवस आरटीओच्या आवारात पडून होती. सोडवून आणल्यावर लॉक परत बसवायला गॅरेजवाल्या काकांकडे नेली. एव्हाना एका चार्जला जेमतेम तीस किलोमीटर जात होती, म्हणून त्यांना म्हटलं, बॅटरीही बघा. त्यांनी पायाखालचं फूटबोर्ड उघडलं आणि हसले. आत एकमेकांना वायरने जोडलेले पाच काळे डबे.

“ताई, हे लेड ॲसिड आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीचीच जात. लिथियमचा एकच बंद पॅक येतो.”

बारा व्होल्टचे पाच, म्हणून साठ. एकेक डबा सात-आठ किलोचा. दुकानातल्या डेमोच्या गाडीतून दुकानदाराने बॅटरी एका हाताने उचलून दाखवली होती, कारण तिच्यात लिथियम होती. आमचं घर तळमजल्यावर, चार्जिंगची वायर थेट गाडीपर्यंत पोचते, त्यामुळे बॅटरी बाहेर काढायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला हे पहिल्याच रात्री कळलं असतं.

शंभर किलोमीटरचा दावाही तिथेच कोसळला. कुणालाही करता येईल असा हिशेब आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, बॅटरीत साठणारी एकूण वीज. आमचे डबे 26 अँपिअर-अवरचे, म्हणजे 60 गुणिले 26, 1,560. चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने अशी स्कूटर किलोमीटरमागे साधारण 25 वॅट-अवर खाते. भागाकार केला की नव्या कोऱ्या बॅटरीवर, कागदावर, बासष्ट किलोमीटर. त्यात लेड ॲसिडमधून करंट जोरात ओढला की पूर्ण क्षमता मिळत नाही, आणि रोज तळापर्यंत उतरवली तर ती लवकर म्हातारी होते. नव्या संचाला काकांनी 15 ते 20 हजार सांगितले. वाचवलेलं पेट्रोल त्यातच गेलं.

दुकानात गेले तेव्हा उत्तर तयार होतं. “ताई, लेड ॲसिड नाही हो, ग्राफीन आहे! लिथियमपेक्षा भारी.” हा शब्द लक्षात ठेवा, तो तुम्हालाही ऐकवतील. बाजारात ‘ग्राफीन’ म्हणून जी स्वस्त बॅटरी मिळते तिच्या प्लेटा शिशाच्याच असतात, त्यात कार्बनची थोडी भर घातलेली असते. बिल बाहेर काढलं तर त्यावर ‘बॅटरी 60 व्ही’ एवढंच. लिथियम हा शब्द त्याच्या तोंडात होता, कागदावर कुठेच नव्हता. आणि वॉरंटी कार्डावर बॅटरीला एकच वर्ष.

सबसिडीचं तर हसूच येतं. केंद्राची सबसिडी, आधीच्या फेम-2 मधली काय किंवा 2024 पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हमधली काय, नोंदणी होणाऱ्या आणि लिथियमसारखी प्रगत बॅटरी असलेल्या दुचाकीलाच ठेवलेली होती. ज्या गाडीला पासिंगच नाही तिची सबसिडी कोण, कुठल्या नोंदीवर देणार? ‘पासिंग नको’ आणि ‘सबसिडी धरून’ ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून आली की तिथून उठावं.

घ्यायचीच असेल तर दाखल्याची प्रत मागा आणि त्यावरचं मॉडेल व व्हेरिएंटचं नाव, व्होल्टेज बिलाशी अक्षर अन् अक्षर जुळवा. फूटबोर्ड उघडायला लावा. ‘वॉरंटी जाईल’ म्हणाला तर समजा काय ते. बॅटरीचा प्रकार, अँपिअर-अवर आणि सिरीयल नंबर पक्क्या जीएसटी बिलावर लिहून घ्या. फोनवर जीपीएस लावून चक्कर मारा. पंचवीसच्या पुढे गेली तर ती विनापासिंगची गाडी नाही, दुकानदार काहीही म्हणो. मूल अठराच्या आतलं असेल तर यात कुठलीच सूट देऊ नका. अठरा पूर्ण असतील तर थोडे जास्त पैसे घालून पासिंगवाली घ्या, लायसन्स काढा. आमच्या 78 हजारांत दंड आणि नवी बॅटरी मिळवली तर आम्ही पासिंगवालीच्या किमतीजवळ पोचतोच.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाने तिला उत्तरच दिलं नाही, तेव्हा ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची.

दुकानाचं लेखी म्हणणं आलं आहे: गाडी लॉकसहच दिली होती, ते ग्राहकाने बाहेरून काढून घेतलं. डिलिव्हरीच्या दिवशी मुलीने स्टेटसला टाकायला एक व्हिडिओ काढला होता. हार घातलेली गाडी, मागे दुकानाचा बोर्ड, मग तीच गाडी दुकानासमोरच्या रस्त्यावर चक्कर मारते आणि स्पीडोमीटरचा आकडा 46. मूळ फाइल, तारखेसकट, तिच्या फोनमध्ये होती. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रासह ती पेनड्राइव्हवर आयोगात दिली आहे. पुढच्या तारखेला दुकानदाराला त्यावर उत्तर द्यायचं आहे.