बीबीसी मायक्रो मॉडेल बी: ओळी सरकवण्यातली करामत

एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये आणलेला बीबीसी मायक्रो आपल्याकडे अनेकांनी प्रथम पाहिला तो १९८४ च्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात. दुरुस्त केलेले मॉडेल बी मी रत्नागिरीत वापरतो, आणि जुना संगणक घेऊ पाहणाऱ्यांना मी त्याची शिफारस करतो ती मुख्यतः एका गुणासाठी: पडदा भरल्यावर तो मजकूर ज्या पद्धतीने वर सरकवतो, त्यासाठी.

त्याच काळच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती संगणकात ही सोय नाही. तिथे पडद्याचे चित्र ६१४४ बाइटांत असते आणि एक ओळ वर न्यायची म्हणजे प्रोसेसरला जवळजवळ सगळे बाइट उचलून नव्या जागी ठेवावे लागतात. बीबीसी मायक्रोच्या मोड ० मध्ये, म्हणजे सर्वांत बारीक चित्राच्या पडदा-पद्धतीत, तर पडदा २० किलोबाइटचा, म्हणजे तिपटीहून मोठा. तरीही ओळी झरझर वर जातात, कारण काहीच उचलले जात नाही. पडदा मेमरीत कुठून वाचायला सुरुवात करायची तो पत्ता पडद्याचे चित्र नियंत्रित करणाऱ्या ६८४५ या चिपच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे आतल्या छोट्या नोंदजागांत, असतो. तो पत्ता एका ओळीने, म्हणजे ६४० बाइटांनी, पुढे ढकलला की सगळा मजकूर वर सरकलेला दिसतो, आणि रहाटाचे रिते झालेले गाडगे पुन्हा भरायला खाली जावे तशी वरच्या ओळीची जागा तळाच्या नव्या ओळीला मिळते. प्रोसेसरला तेवढीच एक जागा पुसावी लागते. इतक्या कमी मेहनतीत इतके काम करून घेणारी रचना मला आजही थक्क करते.

उणीव एकच, पण ती ठळक आहे. व्हीडीयू २८ या आदेशाने पडद्याच्या एका भागापुरती मजकुराची खिडकी आखली की ही युक्ती चालत नाही. मग बीबीसी मायक्रोलाही बाइट उचलत बसावे लागते आणि मोड ० मध्ये हा संथपणा डोळ्यांना सहज जाणवतो. लांब प्रोग्राम वाचताना मात्र आधी एकदा कंट्रोल-एन दाबावे, म्हणजे पान भरले की यंत्र थांबते आणि शिफ्ट दाबल्यावरच पुढे जाते. मुलांना शिकवताना ही सोय फार उपयोगी पडते.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत पॉवर सप्लायची काळजी घ्यायलाच हवी. त्यातल्या जुन्या फिल्टर कपॅसिटरांच्या आवरणाला तडे जातात, ओल आत शिरते आणि एखाद्या दिवशी धूर निघतो. म्हणून यंत्र चालू करण्याआधीच जाणकाराकडून ते बदलून घ्यावेत.

विकत घेताना केवळ सुरुवातीचा संदेश पाहून समाधान मानू नये, तर मोड ० मध्ये शंभरेक ओळी छापून पाहाव्यात. मेमरीच्या शेवटाकडून पत्ता पुन्हा सुरुवातीला वळवणारे सर्किट बिघडले असेल, तर पहिला पडदा अगदी व्यवस्थित दिसतो आणि ओळी सरकू लागल्यावर मगच तळाला भलतीच चिन्हे उमटू लागतात.