गाईच्या जागी ६७ : डॉटनेटच्या एक्सएमएल सिरियलायझरचा रिव्ह्यू

आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर लोक दूध घालतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर अशी नोंद होते आणि दर दहा दिवसांचं बिल दूध संघाकडे एक्सएमएल फाईल (टॅगमध्ये लिहिलेला डेटा) म्हणून जातं. सी शार्पच्या ऑब्जेक्टचं एक्सएमएल करायला मी मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला एक्सएमएल सिरियलायझर सहा वर्षं वापरतेय, त्यामुळे हे दोन दिवस ट्राय करून लिहिलेलं मत नाही. आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन स्टार.

दीड स्टार का कापला ते पहिलं सांगते. एरर आली तर माणूस शोधतो हो, पण हा काही गोष्टी गुपचूप गाळतो. संघाने एक्सएसडी (फाईलमध्ये कोणते टॅग कसे हवेत त्याचा आराखडा) दिली होती, त्यावरून टूलने क्लास जनरेट केले, बोनसचं फील्ड डेसिमल होतं, मी त्यात २४०.५० टाकले, डीबगरमध्ये २४०.५० दिसतायत आणि फाईल उघडली तर बोनसचा टॅगच नाही! रिकामा टॅग नाही, शून्य नाही, काहीच नाही, एररही नाही. दोन दिवस मी आमच्याच हिशेबाच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. कारण असं की एक्सएसडीमध्ये जे ऐच्छिक आहे आणि स्ट्रिंग नाही, म्हणजे आकडा, तारीख वगैरे, त्यासाठी टूल शेजारी अजून एक बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) बनवतं, बोनसस्पेसिफाइड अशा नावाचं, आणि ते ट्रू केलं नाही तर सिरियलायझर ती व्हॅल्यू लिहीतच नाही. एका ओळीचं काम होतं. पण ते दूध घालणाऱ्याच्या बोनसचे पैसे होते, ते एका बूलियनवर अवलंबून आहेत हे मला तरी अजून पटत नाही.

तसंच फक्त गेट असलेली, म्हणजे वाचता येते पण सेट करता येत नाही अशी प्रॉपर्टी तो सोडून देतो (लिस्ट असेल तर घेतो). आमची एकूण रक्कम कॅल्क्युलेट होऊन यायची, ती अशीच गायब. आणि लिस्टवरून इनहेरिट केलेला क्लास असेल तर आतल्या नोंदी तेवढ्या येतात, त्या क्लासवर ठेवलेला केंद्र नंबर येत नाही. लिस्ट प्रॉपर्टी म्हणून आत ठेवा, इनहेरिट करू नका.

आता ६७ चं. जनावराचा प्रकार आम्ही कॅर टाइपमध्ये (एकच अक्षर ठेवणारा टाइप) ठेवला होता, काऊचा सी आणि बफेलोचा बी. फाईलमध्ये आलं <अ‍ॅनिमल>६७</अ‍ॅनिमल>, म्हशीला ६६. संघातून फोन आला, मॅडम गाईच्या कॉलममध्ये ६७ काय आहे? तो कॅरचा कोड नंबर लिहितो. स्ट्रिंग केलं किंवा इनम (ठरावीक नावांची यादी) घेऊन त्याला एक्सएमएल इनम अ‍ॅट्रिब्यूट लावलं की सरळ.

सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते म्हणजे फाईलच्या पहिल्या ओळीतलं, हेडरमधलं यूटीएफ-१६ (अक्षरं बाइटमध्ये कशी लिहिलीत ती पद्धत, म्हणजे एन्कोडिंग). स्ट्रिंगरायटर वापरून आऊटपुट घेतलं की वर एन्कोडिंग यूटीएफ-१६ येतं कारण डॉटनेटची स्ट्रिंग मेमरीत तशीच असते, मग तीच स्ट्रिंग फाईलमध्ये लिहिली की बाइट यूटीएफ-८ चे आणि हेडर म्हणतं १६, आणि समोरचा पार्सर (फाईल वाचणारा प्रोग्राम) फाईल परत पाठवतो. आमच्याकडे सगळे म्हणाले मराठी नावांमुळे झालं असेल, फॉन्टचा प्रॉब्लेम असेल. मी शंभर नावं इंग्रजीत करून पाहिली, तरी तेच! मराठीचा काही दोष नव्हता. स्ट्रीमरायटरला यूटीएफ-८ सांगून थेट फाईलवर सिरियलाइज केलं तर नावं जशीच्या तशी जातात. समोरच्याला फाईलच्या सुरुवातीचा बॉम (एन्कोडिंगची खूण असलेले बाइट) चालत नसेल तर यूटीएफ-८ एन्कोडिंगचा ऑब्जेक्ट फॉल्स देऊन बनवा.

तारखेचं पण बघा. डेटटाइम टुडे लिहिलं की १ एप्रिल रात्री ००:०० आणि पुढे +०५:३० असं जातं, समोरचा सर्व्हर यूटीसीमध्ये (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) वाचत असेल तर ते ३१ मार्च संध्याकाळचे साडेसहा होतात, म्हणजे दूध या आर्थिक वर्षाचं आणि नोंद गेल्या वर्षाची. एक्सएमएल एलिमेंट अ‍ॅट्रिब्यूटमध्ये डेटाटाइप डेट दिलं की नुसती तारीख जाते.

डिक्शनरी (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या) चालत नाही, रिकामा, म्हणजे पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर लागतो, बेस क्लासच्या लिस्टमध्ये डिराइव्ह्ड ऑब्जेक्ट टाकले तर एक्सएमएल इन्क्लूड लागतं. पण यात निदान तो ओरडतो. फक्त वरचा मेसेज वाचून थांबू नका, खरं कारण इनर एक्सेप्शनमध्ये असतं, कधीकधी दोन-तीन पायऱ्या खाली.

मग साडेतीन तरी का? कारण जे लिहितो ते खणखणीत लिहितो. कॉम्प्युटरचं रीजनल सेटिंग काहीही असो, दशांश टिंबच येतं, लाखाचे स्वल्पविराम घुसत नाहीत. टॅग क्लासमध्ये लिहिलेल्या क्रमाने येतात. डेटा कॉन्ट्रॅक्ट सिरियलायझर करून पाहिला तर तो ऑर्डर दिली नाही की टॅग एबीसीडीच्या क्रमाने लावतो, आणि एक्सएसडीमध्ये सीक्वेन्स (टॅगचा ठरलेला क्रम) असला की फाईल नापास.

एक राहिलं. रूटचं नाव बदलायला कन्स्ट्रक्टरमध्ये एक्सएमएल रूट अ‍ॅट्रिब्यूट पास करत असाल तर प्रत्येक वेळी नवा सिरियलायझर बनवू नका. टाइप, किंवा टाइप आणि नेमस्पेस, एवढंच दिलं तर आत बनलेली असेंब्ली (कंपाइल झालेला कोड) परत वापरली जाते, बाकी पद्धतीत दरवेळी नवी बनते. आमची सर्व्हिस दिवसभर चालू असायची आणि संध्याकाळच्या दुधाला गर्दी झाली की मेमरी चढत चढत मशीन स्लो, लोक बरण्या घेऊन रांगेत उभे. स्टॅटिकमध्ये एकदाच बनवून ठेवला आणि थांबलं.

समोरचा जेसन (डेटा पाठवायचा दुसरा फॉरमॅट) घेत असेल तर जेसनच द्या. पण हातात एक्सएसडी ठेवली की मी आजही हाच घेते, आणि पहिली फाईल पाठवायच्या आधी नोटपॅडमध्ये उघडून एका माणसाचं बिल टॅग टॅग लावून स्वतः वाचते.