स्टँडबायवर नजर ठेवायला पोस्टग्रेस एक्स्पोर्टर की चेक_पोस्टग्रेस?

रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य डेटाबेस सर्व्हरची (प्रायमरी) चालती प्रत दुसऱ्या सर्व्हरवर (स्टँडबाय) ठेवणं, उभं करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. स्टँडबाय खरोखर प्रायमरीच्या मागोमाग चालतोय हे रोज कोण सांगणार, हा प्रश्न मात्र उरतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसमोर साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर त्याचे आकडे बाहेर देणारा पोस्टग्रेस एक्स्पोर्टर, आणि वर ते आकडे साठवून अलर्ट देणारा प्रोमिथियस नि त्यांचे ग्राफ काढणारा ग्राफाना. दुसरी म्हणजे नागिओस या देखरेखीच्या प्रणालीच्या मशीनवरून चालणारी चेक_पोस्टग्रेस ही पर्लमधली जुनी स्क्रिप्ट. मी दोन्ही वापरतो. पण रात्री फोन वाजवायचं काम एकीकडेच दिलंय.

आमचा सेटअप लहान आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा उत्पादन-नोंदींचा डेटाबेस. प्रायमरी तिथेच, स्टँडबाय बाणेरला आमच्या ऑफिसात. असिंक्रोनस स्ट्रीमिंग (प्रायमरी स्टँडबायच्या पोचेसाठी थांबत नाही), स्लॉट लावलेला (स्टँडबायला न मिळालेलं प्रायमरी पुसत नाही).

सुरुवातीला लॅग, म्हणजे स्टँडबाय किती मागे आहे ते, मी सगळे मोजतात तसाच मोजत होतो. स्टँडबायवर शेवटचा व्यवहार कधी रिप्ले झाला (प्रायमरीवरचा बदल तिथे लागू झाला) ती वेळ घ्यायची आणि आत्ताच्या वेळेतून वजा करायची. भोसरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी मशीन बंद, नोंदी नाहीत, म्हणजे रिप्ले करायलाही काही नाही. पण घड्याळ चालूच. सकाळी दहा मिनिटांचा लॅग, दुपारी चार तासांचा. दर गुरुवारी अलर्ट यायचा आणि दर गुरुवारी आम्ही तो बंद करायचो. ही सवय वाईट, हे तेव्हाही कळत होतं.

एक्स्पोर्टरने हा त्रास एका फटक्यात संपवला. त्याची क्वेरी आधी बघते की वॉलमधली, म्हणजे प्रायमरीच्या बदलांच्या नोंदवहीतली, स्टँडबायला शेवटची मिळालेली जागा आणि शेवटची रिप्ले झालेली जागा एकच आहे का. एकच असेल तर लॅग शून्य, नसेल तरच वेळेचा फरक. गुरुवार शांत झाला. ग्राफही सुरेख. महिन्याभरापूर्वी रिपोर्ट चालताना स्टँडबाय किती मागे पडला होता, हे मागे जाऊन बघता येतं. चेक_पोस्टग्रेसला असला इतिहास मुळातच नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी तिकडच्या फायरवॉलमध्ये काही बदल झाला आणि स्टँडबायचं कनेक्शन तुटलं. शनिवारी रात्री अलर्ट आला तो प्रायमरीची डिस्क भरत आल्याचा. मी पीजी_वॉल फोल्डर उघडलं तर १६ एमबीच्या फायलींची रांग संपेना. स्लॉट असल्यामुळे प्रायमरी स्टँडबायसाठी सगळं साठवून ठेवत होता. प्रायमरीच्या पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनला, म्हणजे जोडलेल्या स्टँडबायच्या यादीला, विचारलं, एकही ओळ नाही. स्टँडबायवर शेवटची उत्पादन-नोंद शुक्रवारी ४ वाजून १२ मिनिटांची. आणि शेजारच्या स्क्रीनवर ग्राफानाचा हिरवा चौकोन: लॅग ०.

त्या शून्यात खोटं काही नव्हतं. स्टँडबायला जेवढं मिळालं होतं तेवढं त्याने रिप्ले केलं होतं. नवीन काही येतच नाहीये, हे त्याला स्वतःकडे बघून कळणार कसं? ज्या तपासणीने गुरुवार सुटला होता, तिनेच शुक्रवार झाकला. फायरवॉल दुरुस्त झाल्यावर स्टँडबायने तासाभरात सगळं गाठलं, गेलं काहीच नाही. पण त्या दीड दिवसात भोसरीची डिस्क गेली असती, तर कामगारांनी भरलेल्या तीन-चार शिफ्टच्या नोंदी आमच्याकडे कुठेच नसत्या. ही गोष्ट मला अजून टोचते.

प्रायमरीवरच्या एक्स्पोर्टरने सांगायला हवं होतं, हे खरं. पण स्टँडबाय तुटला की पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमधली त्याची ओळच नाहीशी होते. ओळ नाही म्हणजे मेट्रिक (मोजलेला आकडा) नाही, आणि नसलेल्या मेट्रिकवर प्रोमिथियसचा साधा ‘अमुकपेक्षा जास्त’ असा नियम पेटत नाही. त्यासाठी ‘हे मेट्रिक नाहीच’ हे ओळखणारं ॲबसेंट फंक्शन वापरून वेगळा नियम लिहावा लागतो. पुढे एका अपग्रेडमध्ये पीजी_रेप्लिकेशन_लॅग या मेट्रिकच्या नावाच्या शेवटी ‘सेकंड्स’ जोडलं गेलं, तेव्हाही जुना नियम असाच मुकाट बसला होता.

चेक_पोस्टग्रेसचं हॉट_स्टँडबाय_डिले मला इथेच पटलं. ते तिसऱ्या मशीनवरून दोन्ही सर्व्हरना गाठतं, कोण रिकव्हरीत (दुसऱ्याची वॉल लागू करण्यात) आहे ते विचारून प्रायमरी कोण नि स्टँडबाय कोण हे स्वतः ठरवतं, आणि दोघांच्या वॉल जागांमधलं अंतर बाइटमध्ये मोजतं. प्रायमरी निवांत असेल तर अंतर वाढत नाही, म्हणून गुरुवारी गप्प. कनेक्शन तुटलं आणि प्रायमरीवर लिहिणं चालू असेल, तर अंतर वाढतच जातं. फेलओव्हरनंतर, म्हणजे प्रायमरी पडून स्टँडबायने त्याची जागा घेतल्यावर, भूमिका बदलल्या तरी कॉन्फिगला हात लावावा लागत नाही.

त्याचेही त्रास आहेत. दर वेळी ते पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन प्रोग्राम) नव्याने चालवतं. बाइटची मर्यादा किती ठेवायची हे अंदाजानेच ठरतं. मी ६४ एमबीला इशारा आणि २५६ एमबीला क्रिटिकल ठेवलंय, तुमच्या लिखाणाच्या वेगाप्रमाणे आकडा वेगळा असेल. आणि वीस-पंचवीस सर्व्हर असतील, माणसं प्रोमिथियसमध्ये मुरलेली असतील, तर फक्त यासाठी नागिओस उभा करा असं मी म्हणणार नाही. तिथे एक्स्पोर्टरच ठेवा, पण अलर्ट प्रायमरीवरच्या स्लॉटवर लावा. स्टँडबाय गेला तरी स्लॉटची ओळ जागेवर राहते, फक्त ॲक्टिव्हचं उत्तर ‘नाही’ होतं. सोबत मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ (स्लॉटसाठी किती वॉल साठवायची त्याची मर्यादा) बघून घ्या. पोस्टग्रेस १३ पासून ती सेटिंग आहे आणि डीफॉल्ट -१, म्हणजे मर्यादाच नाही. मर्यादा घातलीत तर डिस्क वाचेल, पण ती ओलांडली गेली तर स्टँडबाय पुन्हा बेसबॅकअपपासून, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत नव्याने घेऊन, उभा करावा लागू शकतो.

एक प्रायमरी, एक-दोन स्टँडबाय आणि रात्री उठणारा माणूस एकच, असं असेल तर माझा कल चेक_पोस्टग्रेसकडे आहे. ग्राफसाठी एक्स्पोर्टर खुशाल शेजारी चालू द्या.

ठरवण्याआधी एवढं करून बघा. टेस्ट सेटअपवर दोन्ही लावा, स्टँडबायकडून प्रायमरीच्या ५४३२ पोर्टकडे जाणारा रस्ता अर्धा तास बंद करा आणि कोण आधी बोलतं ते पाहा. मात्र त्या अर्ध्या तासात प्रायमरीवर लिहिणं चालू ठेवा. लिहिणंच नसेल तर अंतर वाढणार नाही, आणि चेक_पोस्टग्रेसही गप्प राहील.