क्रोन्सच्या पोरासाठी पावडरचा डबा, ८ आठवडे वापरून लिहितोय

क्रोन्स म्हणजे आतड्यात सूज आणि जखमा होणारा आजार, आणि ही पावडर जेवणाऐवजी पाण्यात कालवून प्यायची असते. आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. एकतर हा डबा डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय घ्यायचाच नाही, आणि दुसरं, पुढं थोडी तक्रार पण आहे.

आम्ही रावेर साइडचे, केळीवाले. पोरगा १२ वर्षांचा. वर्षभर पोट दुखतंय, सारखं तोंड येतंय, अर्धं ताट टाकून उठतोय, आणि आम्ही आपले जंताचं औषध देत बसलो. खरं लक्षात आलं ते दिवाळीत, मागच्या दिवाळीची पॅन्ट याही दिवाळीला लांबीला बरोबर आणि कमरेत उलट ढिली. मग भुसावळहून मुंबईच्या चकरा, दुर्बीण, तुकडा तपासणी. आपल्याकडं आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की ते ठरवण्यातच बरेच दिवस गेले.

शेवटी मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले ८ आठवडे फक्त ही पावडर आणि पाणी, बाकी तोंडात काही नाही. मी म्हटलं साहेब गोळ्या द्या की. तर त्यांनी सांगितलं की स्टिरॉईडनं आराम पडतो पण वाढत्या पोराची उंची अडते, आणि २००६ मध्ये इटलीत ३७ पोरांवर अभ्यास झालाय, अर्ध्यांना पावडर अर्ध्यांना स्टिरॉईड, १० आठवड्यांनी आतड्यातल्या जखमा पावडरवाल्या ७४ टक्के पोरांच्या भरल्या आणि स्टिरॉईडवाल्या ३३ टक्के. हे ऐकून मी गप्प बसलो. (अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, असणाऱ्यांनी हे वाचून डबा आणू नका, हा उपाय क्रोन्सचा आहे.)

आता डब्याबद्दल. ४०० ग्रॅमचा, पोराला दिवसाकाठी जवळपास एक लागायचा, म्हणजे २ लिटरच्या आसपास दूध. वास व्हॅनिलाचा पण मागून औषधी चव येतेच. गरम पाण्यात टाकली की गुठळ्या, मिक्सरला फिरवली की नुसता फेस. शेवटी जमलं ते असं, कोमट पाण्यात रवीनं घुसळायचं, गाळून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि झाकणाच्या ग्लासात स्ट्रॉ घालून गारच द्यायचं, वास नाकाला लागत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडं ४४ डिग्री आणि वर लाईट जाणार, त्यामुळं थर्माकोलचा बॉक्स आणि बर्फ कायम तयार.

पहिले ४ दिवस लई वाईट गेले. पोरगा रडला नाही, नुसता भिंतीकडं तोंड करून पडायचा. माझी आई रोज सकाळी एकच म्हणायची, "पोऱ्याले उपाशी मारतस का तुम्ही?" शेजारी वांगी भाजायला घेतली की भरिताचा वास थेट आमच्या ओट्यावर. बायकोनं घरात फोडणीच बंद केली, आम्ही सगळे रात्री तो झोपल्यावर चोरासारखे जेवायचो. सातव्या आठवड्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, घरात आमरस नाही, खापरावरची पुरणपोळी नाही, असली आखाजी मी जन्मात पाहिली नव्हती. पण खरं सांगू का, दुसऱ्या आठवड्यातच पोट दुखायचं थांबलेलं, आणि पोरगा स्वतःच ग्लास मोजून प्यायला लागलेला.

रिझल्ट: वजन २७ वरून साडेतीस. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट करतात, त्यावरून आतड्यातली सूज कळते, ती १४०० च्या वर होती ती १८० वर आली. नॉर्मल म्हणजे ५० च्या खाली, म्हणजे अजून काम बाकी आहे, पुढची औषधं चालू आहेत.

तक्रारी दोन. डब्यातला मोजायचा चमचा पावडरीत पार तळाशी गाडलेला, दर वेळी हात घालून शोधा, मग स्वच्छता कसली. आणि इथला मेडिकलवाला पूर्ण खोका ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मागवत नव्हता, एकदा तर २ महिन्यांत एक्स्पायर होणारा माल दिला. खोका तिथंच फोडून तारीख बघा. आणि खर्च, तो विषयच नको, त्या सीझनचं केळीचं पेमेंट कुठं गेलं ते मलाच कळलं नाही.

नंतर कळलेली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. २०१९ मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या पोरांवरचा अभ्यास छापून आलाय, सुरुवातीला अर्धी गरज पावडरनं आणि अर्धी ठरलेल्या जेवणानं, पोरांनी ते नुसत्या पावडरीपेक्षा जास्त निभावलं आणि आराम पडायला पण कमी नाही. त्यात गहू बंद, दूध बंद, पण रोज २ केळी खायचीच! आम्ही बागेतून घड उतरवतोय आणि पोरगा बांधावर बसून स्ट्रॉ चोखतोय. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले त्यात चिकन आणि अंडी पण रोजची आहेत. आम्ही माळकरी, तिथंच विषय थांबला. पण ज्यांच्याकडं चालतं त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

मी ५ पैकी ४ देतो, एक चमच्यासाठी कापला. रिकामे डबे ५० च्या वर झालेत, आई आता त्यात डाळी भरून ठेवतेय आणि शेजारणींना पण वाटतेय.